आरएमएस 0.18 आला तरी हापूस चार मिमीने का चुकतो

प्रश्न देवगडच्या एका मुलाचा आहे, घरचं पॅकहाऊस आहे, आंबा साइझप्रमाणे वेगळा करायला बेल्टच्या वर साधारण 80 सेमीवर एक इंडस्ट्रियल कॅमेरा लावलाय, 6 मिमीची लेन्स, 1440 बाय 1080 चं सेन्सर. ओपनसीव्ही या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चेसबोर्डचे (बुद्धिबळासारखे काळेपांढरे चौकोन छापलेला बोर्ड) 40 फोटो देऊन कॅलिब्रेशन केलं, म्हणजे लेन्सचे आकडे काढून घेतले, आरएमएस एरर (फोटोतले कोपरे आणि हिशोबाने यायला हवेत ते कोपरे यांतला सरासरी फरक) 0.18 पिक्सेल आला, खूश झाला, आणि मग खरा 95 मिमीचा आंबा मधोमध ठेवला तर 99 दाखवतो आणि कडेला गेला की अजून वेगळंच. शिवाय तीनदा कॅलिब्रेशन केलं तर एफएक्स (पिक्सेलमध्ये मोजलेली आडव्या दिशेची फोकल लेंथ) एकदा 1702, एकदा 1761, एकदा 1738. तर नेमकं कशाकशाने बिघडतं आणि दुसरा कॅमेरा लावून फायदा होईल का, असं विचारलंय.

मी रत्नागिरीला असतो, गेली बरीच वर्षं आंबा, काजू आणि मासळी या तिन्हींच्या मागे कॅमेरे घेऊन फिरतोय, त्यामुळे यातली जवळजवळ प्रत्येक चूक मी स्वतः करून बसलोय. सविस्तर सांगतो.

आधी तो 0.18 चा आकडा बाजूला ठेव. तुझ्या सेटअपमध्ये बेल्टवर एक पिक्सेल म्हणजे साधारण 0.46 मिमी होतो, म्हणजे 0.18 पिक्सेल म्हणजे मिमीचा दहावा भागसुद्धा नाही, आणि तुझी चूक आहे चार मिमी म्हणजे नऊ-एक पिक्सेल. मग हा आकडा खोटा का? खोटा नाही रे, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. सॉफ्टवेअर म्हणतं की तू दिलेल्या फोटोंमध्ये जे कोपरे सापडले आणि तू सांगितलेला जो बोर्ड आहे, त्या दोघांचा मेळ मी इतका छान घातला. बोर्ड वाकडा आहे का, फोटो सगळे मधोमधच काढलेत का, यातलं बरंचसं सॉफ्टवेअर गिळून टाकतं, कारण त्याच्या हातात लेन्सचे एवढे सगळे आकडे आहेत फिरवायला. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि स्वतःच तपासायचा असा प्रकार आहे तो. आरएमएस 2-3 आला तर काहीतरी नक्की बिघडलंय एवढं कळतं, पण 0.18 आला म्हणून सगळं ठीक आहे असं अजिबात कळत नाही. उलट तू फक्त आठ फोटो दिलेस, तेही सगळे समोरून, तर आरएमएस अजून छान येईल आणि कॅलिब्रेशन अजून वाईट असेल.

आता बोर्ड. तू लिहिलंयस की ए3 कागदावर प्रिंट काढून पुठ्ठ्यावर डकवलाय. देवगडला, जूनमध्ये. अरे मिरग लागला की आपल्याकडे मीठ पाण्यासारखं वाहतं, पापड नरम पडतो, दरवाजे फुगून बसतात, आणि कागद काय सपाट राहणार? कागद ओल धरतो आणि फुगतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी सारखा नाही, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. त्यात पुठ्ठा एका बाजूने चिकटवलेला म्हणजे तो पन्हळीसारखा बाक घेतोच. माझ्या एका बोर्डाला मेमध्ये स्टीलपट्टीने मोजलं तेव्हा दहा चौकोन बरोबर 250 मिमी होते, जुलैत त्याच दहा चौकोनांत पाऊण मिमी जास्त निघाले, आणि मध्ये दोन-अडीच मिमीचा फुगवटा. मी मात्र सॉफ्टवेअरला सांगत होतो की बोर्ड एकदम सपाट, चौकोन 25. त्याने बिचाऱ्याने तो फुगवटा लेन्सच्या डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे लेन्स सरळ रेषा वाकवते त्या हिशोबात, भरला.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, बरेच जण गोंधळतात. चौकोनाचं माप सगळीकडे सारखंच चुकलं, समज प्रिंटरने फिट टू पेज करून 25 चे 24.25 केले, तर फोकल लेंथ आणि डिस्टॉर्शनला काहीच धक्का लागत नाही, फक्त तुझे मिमी सगळे 3 टक्क्यांनी चुकतात, अंतर चुकतं, दोन कॅमेरे असतील तर त्यांच्यामधलं अंतर चुकतं. ही चूक एका पट्टीने मोजून दुरुस्त होते. पण आडवा ताण वेगळा आणि उभा वेगळा असला, किंवा बोर्ड वाकला, तर ती चूक थेट लेन्सच्या आकड्यांत शिरते आणि मग शोधून सापडत नाही. पकडायची एक युक्ती आहे. आजच्या सेन्सरचे पिक्सेल चौरस असतात, म्हणून एफएक्स आणि एफवाय (तीच फोकल लेंथ, उभ्या दिशेची) जवळजवळ सारखे यायला हवेत. त्यात अर्धा-एक टक्का फरक दिसला तर कॅमेऱ्याकडे बघू नकोस, प्रिंटकडे बघ. आणि अर्धे फोटो बोर्ड 90 अंशात फिरवून काढ, म्हणजे ताणाची चूक एफएक्स-एफवायच्या मागे लपायला जागाच मिळत नाही, ती आरएमएसमध्ये वर येते. वर आलेली चूक बरी.

फ्लेक्सवर छापू नकोस. लग्नाचा बॅनर करणारा स्वस्तात करून देतो, पण फ्लेक्स ताणला की रबरासारखा जातो. आपल्याकडे मिळणाऱ्यात माझं आवडतं म्हणजे साइनबोर्डवाल्याकडची एसीपी शीट (अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक), त्यावर मॅट व्हिनाइल, आणि चिकटवताना बुडबुडा राहू द्यायचा नाही. नाहीतर फोटो फ्रेमवाल्याकडून 5-6 मिमी जाडीची काच, तिच्यावर मॅट व्हिनाइल, सपाटपणाला काचेसारखं काही नाही, फक्त पडली की संपलं. अॅक्रिलिक हलकं दिसतं म्हणून मोह होतो पण उन्हात फार वाढतं, 400 मिमीचा बोर्ड 15 अंशांनी तापला तर अॅक्रिलिक साधारण 0.4 मिमी वाढतं, अॅल्युमिनियम 0.14 आणि काच 0.05 च्या आसपास. आणि चकचकीत लॅमिनेशन कधीच नको, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कोपऱ्यावर पडलं की तो कोपरा गेला. बोर्ड थोडा वाकडा आहे हे माहीतच असेल आणि बदलता येत नसेल तर ओपनसीव्हीमध्ये बोर्डाचे बिंदूसुद्धा थोडे हलू देणारा प्रकार आहे, कॅलिब्रेट कॅमेरा आरओ नावाचा, तो वापरून बघ, पण चांगला बोर्ड केलेला केव्हाही बरा.

आता फोटो कसे काढलेस ते. तू पाठवलेले चाळीसच्या चाळीस बघितले, सगळ्यांत बोर्ड बेल्टवर सपाट पडलेला, नुसता इकडून तिकडे सरकवलाय. म्हणजे चाळीस नाहीत रे ते, एकच फोटो चाळीस वेळा. आपण आज जी पद्धत वापरतो ती झेंगयू झांगची, 2000 साली छापून आली, त्याआधी त्साईच्या वगैरे पद्धतीत बिंदूंच्या जागा फार नेमक्या मोजलेल्या लागायच्या, झांगने सांगितलं की एक सपाट नक्षी वेगवेगळ्या कोनांतून दाखवा, बस. पण वेगवेगळ्या कोनांतून हाच त्यातला जीव आहे. समांतर पातळ्या कितीही दिल्या तरी नवीन माहिती शून्य, हेही त्याच पेपरात आहे. समोरून बघितलं तर लेन्स थोडी लांब फोकलची आणि बोर्ड थोडा लांब, किंवा लेन्स थोडी आखूड आणि बोर्ड थोडा जवळ, दोन्हीत चित्र सारखंच दिसतं, सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. म्हणून तुझा एफएक्स 1702 ते 1761 असा झोके घेतोय. बोर्ड तिरपा धरला की जवळची बाजू मोठी, लांबची लहान, आणि तेव्हाच फोकल लेंथ कळते. झांगच्या सिम्युलेशनमध्ये 45 अंशांच्या आसपास सगळ्यात चांगलं उत्तर आलं होतं, पण प्रत्यक्षात जास्त तिरपा केला की लांबचे चौकोन आक्रसतात, धूसर होतात आणि कोपरे नीट सापडत नाहीत, त्यामुळे मी 30 ते 45 मध्ये ठेवतो, चारी बाजूंना झुकवून.

आणि कडा! आपला हात आपोआप बोर्ड मधोमध धरतो, कारण बोर्डाचा एक कोपरा फ्रेमबाहेर गेला की साध्या चेसबोर्डचा फोटो वायाच जातो. पण डिस्टॉर्शन राहतं कुठे, तर कडेला. मध्ये ते जवळजवळ शून्य असतं आणि कोपऱ्याकडे झपाट्याने वाढतं. तिकडे एकही बिंदू नाही दिलास तर के-1, के-2, के-3 हे डिस्टॉर्शनचे आकडे मधल्या भागात छान बसतात आणि कडेला वाटेल तिकडे वाकतात, तुझा कडेचा आंबा मध्यापेक्षा वेगळा दिसतो त्यातलं एक कारण हे. यासाठी चारूको बोर्ड घे, त्यात प्रत्येक पांढऱ्या चौकोनात स्वतःचा नंबर असलेलं चिन्ह असतं, म्हणून अर्धा बोर्ड बाहेर असला तरी उरलेले कोपरे वापरता येतात. मी एक साधी गोष्ट करतो, सगळ्या फोटोंतले सापडलेले कोपरे एकाच कोऱ्या चित्रावर ठिपके म्हणून काढतो, आणि जिथे टक्कल दिसेल तिथे अजून फोटो काढतो. 15-20 चांगले फोटो पुरतात, चाळीस लागत नाहीत.

मॉडेलबद्दल फार लिहीत नाही. 6 मिमीच्या साध्या लेन्सला के-1, के-2 आणि ते दोन टँजेन्शियल (लेन्स किंचित तिरकी बसल्याने येणाऱ्या वाकडेपणाचे आकडे) पुरे, के-3 फिक्स करून टाक, जास्त आकडे मोकळे सोडले की आरएमएस गोड होतो आणि कडा बिघडतात. खूप वाइड किंवा फिशआय लेन्स असेल तर मात्र वेगळं मॉडेलच घ्यावं लागतं.

कोपरे शोधण्यात एक खाचखळगा आहे जो मलाही दोन वर्षं कळला नव्हता. कोपरा सबपिक्सेल करणाऱ्या, म्हणजे पिक्सेलच्या अंशापर्यंत नेमका शोधणाऱ्या, फंक्शनला ट्युटोरियलमध्ये 11, 11 अशी खिडकी देतात आणि सगळे तेच उचलतात. ते अर्धं माप आहे, म्हणजे खरी खिडकी 23 बाय 23 पिक्सेलची. तुझ्या लांबच्या तिरप्या फोटोत चौकोनच 20 पिक्सेलचा असेल तर त्या खिडकीत शेजारचा कोपरापण येतो आणि उत्तर तिकडे ओढलं जातं, आणि गंमत म्हणजे दरवेळी सारखंच ओढलं जातं म्हणून संशयही येत नाही. चौकोन लहान दिसत असेल तर खिडकी 4 किंवा 5 वर आण. बाकी एक्सपोजर, पांढरा भाग पूर्ण जळालेला नको, तो काळ्यात सांडतो. आणि बोर्ड हातात धरून हलवत व्हिडिओ काढायचा आणि त्यातून फ्रेम उचलायच्या हे बंद कर, एकतर हलल्याने धूसर होतं आणि कॅमेऱ्याचं शटर रोलिंग, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणारं, असेल तर हलता बोर्ड तिरका होऊन छापला जातो. बोर्ड टेकवून ठेव, एक सेकंद थांब, मग फोटो.

कॅमेऱ्याच्या अंगाची हालचाल हा मोठा विषय. मागे एकदा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बांगड्याची लांबी मोजायला आम्ही फोनचा कॅमेरा वापरला होता, पहाटे लिलावाच्या गडबडीत कोण इंडस्ट्रियल कॅमेरा लावणार म्हणून. घरी टेबलावर एकदम छान, जेट्टीवर गेलो की रोज वेगळं. दोन दिवस बोर्डाला शिव्या घातल्या, मग कळलं की ऑटोफोकस चालू होता. फोकस बदलला की लेन्स पुढेमागे सरकते, म्हणजे फोकल लेंथ बदलते, म्हणजे कॅलिब्रेशन दुसऱ्याच कॅमेऱ्याचं होतं म्हण ना. त्यात फोनचं इमेज स्टॅबिलायझेशन लेन्स किंवा सेन्सर बाजूला सरकवतं, प्रिन्सिपल पॉइंट (लेन्सचा मध्य चित्रात जिथे पडतो तो बिंदू) जागेवर राहतच नाही, आणि फोटो मोड आणि व्हिडिओ मोडचा क्रॉप वेगळा असतो तो भाग अजून निराळा. तुझ्या लेन्सला फोकस आणि आयरिसचे (उजेड कमीजास्त करणारं छिद्र) लॉक स्क्रू आहेत, ते घट्ट केलेस का? नसतील तर नेलपेंटचा एक थेंब रिंगवर टाक, नंतर रिंग हलली तर रेष तुटलेली दिसते. बेल्टच्या मोटरची थरथर दोन महिन्यांत न आवळलेली रिंग सैल करते हे मी डोळ्यांनी बघितलंय. पत्र्याच्या शेडमध्ये मेच्या दुपारी काय तापतं तेही माहीतच आहे तुला, कॅमेरा चालू करून अर्धा-एक तास गरम होऊ दे आणि मगच कॅलिब्रेशन कर, सकाळी थंड कॅमेऱ्यावर करू नकोस.

लेन्सपुढे पाण्याचे शिंतोडे अडवायला काच लावलीयस असं फोटोत दिसतंय. ती काच लावूनच कॅलिब्रेशन करायचं, काढून नाही, आणि नंतर पुसायला काढलीस तर त्याच बाजूने, त्याच जागी परत बसव. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने काचेवर चिकट थर येतो आणि पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, त्यामुळे चित्र धूसर होतं, कोपरे डगमगतात, सिलिका जेलची पुडी बॉक्समध्ये ठेव आणि महिन्याला बदल. मालवणकडचे काही जण विचारतात म्हणून जाता जाता, पाण्याखाली वापरायचा कॅमेरा पाण्याखालीच कॅलिब्रेट करायचा, सपाट काचेतून पाण्यात बघितलं की फोकल लेंथ साधारण 1.33 पट झाल्यासारखी दिसते, हवेतले आकडे तिथे चालत नाहीत.

एवढं सगळं सांगितलं आणि आता खरी गंमत. तुझे ते मधले चार मिमी यातल्या कशानेच नाहीत! 😀 तू बोर्ड बेल्टवर ठेवून पिक्सेलचे मिमी केलेस, म्हणजे बेल्टच्या पातळीचं माप. पण आंबा काय कागदावर काढलेला नाही, तो जाड आहे. वरून बघताना त्याची जी कड दिसते ती बेल्टपासून साधारण 33 मिमी वर असते, म्हणजे कॅमेऱ्यापासून 800 वर नाही, 767 वर. 800 भागिले 767 म्हणजे 1.043, आणि 95 ला 1.043 ने गुण, किती येतात? 99. तुझा आकडा. कॅलिब्रेशन कितीही सोन्यासारखं केलंस तरी हे जाणार नाही, कारण ते त्याचं कामच नाही. कडेला गेलेला आंबा तर कॅमेऱ्याला कुशीतून दिसतो, त्याची बाहेरची बाजू बेल्टवर अजून लांब पडल्यासारखी वाटते, डिस्टॉर्शनच्या चुकीत ही भर. त्यामुळे आधी बोर्ड 33 मिमी उंचीच्या चार सारख्या ठोकळ्यांवर ठेवून त्या पातळीचं माप घे. लहानमोठ्या आंब्यांत ही उंची दोन-चार मिमी इकडेतिकडे होणार, म्हणजे चुकीत अर्धा टक्का, ग्रेडिंगला चालतो तेवढा. आणि कडेचे 10-15 टक्के मोजायचेच नाहीत, बेल्टला पट्ट्या लावून आंबा मध्ये आण, सुताराचा अर्ध्या दिवसाचा धंदा, सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त.

आणि एफएक्सच्या झोक्यावर तू जेवढा जीव टाकतोयस तेवढ्याची तुझ्या कामाला गरजही नाही. एफएक्स 3 टक्क्यांनी चुकला तर सॉफ्टवेअर उंचीही 3 टक्क्यांनी चुकवतं आणि पातळीवरचं माप जवळजवळ बरोबरच राहतं, दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात. पण उद्या आंबा उचलायला रोबोटचा हात लावलास तर तेच 3 टक्के 800 मिमीवर 24 मिमी होतील आणि हात आंब्यात घुसेल. तेव्हा तिरपे फोटो हवेतच.

दुसरा कॅमेरा लावू का, तर सध्या नको. दोन कॅमेऱ्यांत एकच बिंदू कुठे कुठे दिसतो ते जुळवून उंची काढतात, फायदा तेवढाच. दोन कॅमेऱ्यांत 120 मिमी अंतर ठेवलंस तर 80 सेमीवर जुळणीत एका पिक्सेलची चूक म्हणजे उंचीत 3 मिमी, आणि 160 सेमीवर 12 मिमी, अंतराच्या वर्गाने वाढते ती. शिवाय दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकाच क्षणी निघायला हवेत, बेल्ट चालू असताना थोडा उशीरसुद्धा आंबा सरकवतो, आणि दोघांना धरणारा अँगल वाकला की सगळं परत. एक कॅमेरा आधी ताळ्यावर आण.

आता तपासायचं कसं ते. आरएमएसने नाही. बागेत ठिबकचा 63 मिमीचा पीव्हीसी पाईप पडलेला असेलच, त्याचा 95 मिमीचा तुकडा आरीने सरळ काप, व्हर्नियरने व्यास आणि लांबी दोन्ही मोजून त्यावर पेनाने लिही. आडवा ठेवला की त्याची कड बेल्टपासून 31-32 मिमीवर येते, म्हणजे आंब्याच्या जवळपास, पण आंब्यासारखा तो पिकत नाही आणि सुकत नाही. तो बेल्टवर नऊ ठिकाणी ठेव, तीन ओळी तीन रांगा, प्रत्येक ठिकाणी एकदा उभ्या दिशेला एकदा आडव्या. मधल्या ठिकाणचा आकडा चुकला आणि सगळीकडे सारखाच चुकला तर उंची किंवा चौकोनाचं माप. मध्ये बरोबर आणि चारी कोपऱ्यांत सारखाच चुकला तर डिस्टॉर्शन, किंवा ती कुशीतून दिसण्याची भानगड. एकाच बाजूला चुकला तर कॅमेरा वाकडा बसलाय. उभा बरोबर आडवा चूक तर तुझा कागद. आज बरोबर आणि चार दिवसांनी चूक तर लेन्सचा स्क्रू किंवा स्टँड. हाच तुकडा रोज सकाळी पहिल्या पेटीच्या आधी एकदा बेल्टवरून सोड, वहीत आकडा लिही, अर्ध्या मिमीपेक्षा जास्त हलला की त्या दिवशी परत कॅलिब्रेशन.

नवीन बोर्ड झाला की ते अठरा आकडे इथे टाक, आणि ओपनसीव्हीचंच कॅलिब्रेट कॅमेरा एक्स्टेंडेड हे फंक्शन वापरलंस तर प्रत्येक फोटोचा वेगळा एरर आणि प्रत्येक आकड्याची अनिश्चितता पण मिळते, तीही टाक. पुठ्ठ्याच्या बोर्डावरचे आकडे मात्र पाठवू नकोस, ते मी बघणार नाही.